जुन्या फोनला वायफाय का लागत नाही, आणि ते दुरुस्त करायचं कुणी?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात जुना फोन आहे त्यांनी मधला भाग नीट वाचा, उपयोगाला येईल. बाकीच्यांनी भांडायला थेट शेवटाकडं गेलं तरी चालेल.

तर झालं असं. ९ नोव्हेंबरचा रविवार. मी ओट्यावर चहा घेत बसलेलो. आमच्या गल्लीतल्या काकू फोन घेऊन आल्या.

"दादा, बघ बरं याला काय झालं. चार दिवसांपासून वायफाय लागंनाच. नातू म्हणतो फेकून दे आज्जी हा डबा."

"द्या इकडं काकू. सिमवर नेट नाही का?"

"नाही ना. नुसतं बोलायचं रिचार्ज आहे."

हे 'नुसतं बोलायचं रिचार्ज' लक्षात ठेवा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी मोबाईल कंपन्यांनी रिचार्ज महाग केले. मग डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं, की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन ठेवा. चांगला निर्णय होता, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचे पैसे वाचले. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की आता काकूंसारख्या बाईचं इंटरनेट म्हणजे फक्त घरातलं वायफाय. ते बंद, म्हणजे सगळंच बंद.

आणि काकूंना घाई होती. लाडकी बहीणची ई-केवायसी राहिली होती. १८ सप्टेंबर २०२५ ला शासनानं ती सगळ्यांना सक्तीची केली, मुदत दोन महिने. म्हणजे १८ नोव्हेंबर. नऊ दिवस उरलेले. पुढं ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, पण त्या रविवारी ते कुणाला माहीत होतं? काकू दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. एका दुकानात शंभर रुपये मागितले आणि "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" सांगितलं. दुसरीकडं रांग बघूनच परत आल्या. गुडघे दुखतात त्यांचे.

आता फोनबद्दल. २०१७ मध्ये मोठ्या मुलानं घेतलेला. त्यानं नवा घेतल्यावर धाकट्याकडं गेला, धाकट्यानं नवा घेतल्यावर सुनेकडं, आणि तिच्याकडून काकूंकडं. फ्रीजमधलं शिळं जसं शेवटी आईच्या ताटात येतं, तसा घरातला सगळ्यात जुना फोन आईच्या हातात येतो. हर्सूलमध्ये दहा घरं फिरा, सात घरांत हेच दिसेल. माझ्या स्वतःच्या घरात हेच होतं, उगाच दुसऱ्यांना कशाला बोलू.

मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. आयटीआय केलेला माणूस, वाळूजला कंपनीत मेंटेनन्सला. पण मेंटेनन्सवाल्याला एक सवय असते. मशीन बंद पडलं तर पहिला प्रश्न, "बंद पडायच्या आधी काय बदललं?" तोच काकूंना विचारला.

"काही नाही बाबा. तो नेटवाला येऊन नवीन डबा लावून गेला तेवढंच."

सापडलं की!

बघा, वायफायच्या दोन वाटा असतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, जुनी. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, नवी आणि वेगवान. बहुतेक स्वस्त जुन्या फोनांना फक्त पहिली वाट दिसते. दुसरी त्यांच्या रेडिओतच नाही, म्हणून कितीही शोधलं तरी ते नाव यादीत येत नाही. घरातल्या बाकी सगळ्यांना वायफाय दिसतं, एका फोनला दिसत नाही, असं असलं की ऐंशी टक्के वेळा हेच असतं (हा आकडा माझ्या ओट्यावरचा आहे, सरकारी नाही).

काकूंच्या फोनला नाव दिसत होतं. म्हणजे २.४ चालू होतं. पण पासवर्ड बरोबर टाकूनही तो "कनेक्ट करत आहे" म्हणायचा, मग "सेव्ह केले" म्हणून गप्प बसायचा. नातवानं वीस वेळा पासवर्ड टाकून बघितलेला. चूक पासवर्डची नव्हतीच.

इथं दुसरी गोष्ट येते, कुलपाची. वायफायचा पासवर्ड ज्या पद्धतीनं तपासला जातो तिच्या पिढ्या आहेत. डब्ल्यूपीए२ ही २००४ पासूनची, डब्ल्यूपीए३ ही २०१८ मध्ये आलेली. नवीन डबे डब्ल्यूपीए३ किंवा दोन्हीचं मिश्रण लावून येतात. जुन्या फोनला डब्ल्यूपीए३ कळत नाही, आणि मिश्रण असलं तरी काही फोन गोंधळतात. किल्ली बरोबर, पण कुलूप वेगळ्या बनावटीचं.

राउटरच्या खाली स्टिकर असतो. त्यावर एक पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८ नं सुरू होणारा, आणि ॲडमिनचा पासवर्ड. घरातल्या चांगल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. तिथं वायरलेसमध्ये सिक्युरिटी हा पर्याय शोधायचा आणि २.४ साठी फक्त 'डब्ल्यूपीए२ पर्सनल, एईएस' निवडायचं. ५ गिगाहर्ट्झला काय आहे ते तसंच राहू द्या, त्याला हात लावायची गरज नाही. डब्ल्यूपीए२ अजून घरगुती वापराला पुरेसं आहे, फक्त पासवर्ड लांब ठेवा. मोबाईल नंबर हा पासवर्ड नाही, हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगून थकलो.

एक मात्र करू नका. काही 'जाणकार' सांगतात की सिक्युरिटीच काढून टाका, 'ओपन' करा, मग सगळे फोन लागतात. लागतात, बरोबर आहे. शेजारच्यांचेही लागतात.

तर तेवढं केलं, काकूंच्या फोनवर जुनं नेटवर्क दाबून धरून 'नेटवर्क विसरा' केलं, पुन्हा पासवर्ड टाकला. लागलं! काकूंनी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही, बहुतेक हरसिद्धी मातेला.

पण आनंद पाच मिनिटं टिकला. वायफायची खूण भरलेली, आणि साइट उघडेना. कुठलंही पान उघडलं की लाल खूण आणि "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" अशा अर्थाचा इशारा. नातू म्हणाला, बघा मी म्हटलं होतं ना, डबा आहे.

मी वर बघितलं. फोनवर तारीख होती १ जानेवारी २०१५.

बॅटरी पार मेलेली होती, दोन दिवस फोन बंद पडून होता. सुरू झाल्यावर घड्याळ मागं गेलं, आणि 'आपोआप वेळ' हा पर्याय कुणीतरी कधीतरी बंद केलेला. आता तुम्ही म्हणाल, तारखेचा आणि इंटरनेटचा काय संबंध? संबंध असा. प्रत्येक सुरक्षित साइटकडं एक प्रमाणपत्र असतं, आपल्या ड्रायव्हिंग लायसनसारखं. कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यावर लिहिलेलं असतं. फोन ते आजच्या तारखेशी ताडून बघतो. काकूंच्या फोनच्या हिशोबानं 'आज' होता २०१५ सालात, आणि साइटचं प्रमाणपत्र २०२५ चं. म्हणजे अजून सुरूच न झालेलं. फोन म्हणाला, ही साइट खोटी आहे. बिचाऱ्यानं त्याचं काम बरोबर केलं.

सेटिंगमध्ये जाऊन तारीख आणि वेळ बरोबर केली, आपोआप चालू केलं, फोन बंद करून सुरू केला. साइट उघडली. दोन महिन्यांत माझ्याकडं आलेल्या जुन्या फोनांमध्ये सगळ्यात जास्त वेळा निघालेला आजार हाच. तारीख! आणि लोक नवा फोन घ्यायला पैठण गेटला पोचलेले असतात.

अजून काही गोष्टी, ज्या त्या दिवशी लागल्या नाहीत पण नंतर इतरांच्या फोनमध्ये निघाल्या:

फोन राउटरला टेकवून बघा. तिथंही काडी एकच येत असेल आणि दुसऱ्या फोनला चार येत असतील, तर दुखणं सेटिंगचं नाही, अँटेनाचं आहे. मागचं झाकण उघडून बॅटरी किंवा स्क्रीन बदललेली असेल तर बारीक स्प्रिंगसारखे संपर्क नीट बसलेले नसतात. हे कारागिराचं काम, आणि फार महागाचं नाही. बॅटरी फुगून झाकण उचललं गेलं असेल तर मात्र फोन वापरणं थांबवा, चार्जिंगला लावूच नका, आधी बॅटरी बदला.

फोनमधली जागा गच्च भरलेली असेल तर सगळंच रडत चालतं आणि नाव वायफायचं होतं. 'गुड मॉर्निंग'चे व्हिडिओ पुसा. एका आजोबांच्या फोनमध्ये चार हजार गुलाबाची फुलं निघाली.

दाट वस्तीत २.४ च्या वाटेवर गर्दी असते. आमच्या गल्लीत एका जागी उभं राहून मी सव्वीस नावं मोजली. राउटरच्या पानावर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक ठेवा, कारण हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत. १२ आणि १३ नको, काही जुन्या फोनांना ते दिसतच नाहीत. रुंदी २० मेगाहर्ट्झ.

दुसऱ्याच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लागत नसेल तर त्या नव्या फोनच्या हॉटस्पॉटमध्ये जाऊन बँड २.४ करा. आयफोनवाल्यांकडं 'मॅक्झिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी' नावाचं बटण असतं, ते चालू करायचं.

आणि सगळं करून थकलात तर सेटिंगमध्ये 'नेटवर्क सेटिंग रीसेट'. याने फोटो जात नाहीत, फक्त सगळे वायफाय आणि ब्लूटूथ पुन्हा जोडावे लागतात. 'फॅक्टरी रीसेट' वेगळं, त्याने सगळं जातं. या दोन शब्दांत गफलत करून एका पोराने आईच्या फोनमधले लग्नाचे फोटो घालवलेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

असो. काकूंकडं परत येऊ.

साइट उघडली, आधार क्रमांक टाकला, ओटीपी आला. मग नवऱ्याचा आधार. काकांचा आधार जोडलेला थोरल्याच्या नंबरला, थोरला चाकणला कंपनीत, सेकंड शिफ्टला, आणि शॉपफ्लोअरवर फोन नेऊ देत नाहीत. चहाच्या सुट्टीत त्यानं फोन उघडला तोवर ओटीपीची वेळ संपलेली. मग रात्री पुन्हा. रात्री साइट हळू. शेवटी साडेअकराच्या सुमारास "यशस्वी" असं दिसलं. काकूंनी मला स्क्रीनचा फोटो काढून ठेवायला लावला. अजून आहे माझ्याकडं.

आता माझा मुद्दा.

हे सगळं मोडलेलं नव्हतं. फोन ठीक, वायफाय ठीक, साइटही चालू. मोडलेली होती ती मधली जागा. आणि त्या मधल्या जागेची जबाबदारी कुणाचीच नाही. नेटवाला म्हणतो डबा चालू आहे, तुमचा फोन जुना. फोनची कंपनी म्हणते मॉडेल बंद झालं. शासन म्हणतं पोर्टल चालू आहे. आणि बाई म्हणते माझंच काहीतरी चुकलं असेल, मला कळत नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. काकूंनी आठ वर्षं बचत गटाचे हिशोब हातानं लिहिलेत, एक रुपयाचा फरक नाही. त्यांना 'कळत नाही' कसं?

हे एकट्या काकूंचं नाही. आठवतंय का, ऑगस्ट २०२१? राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनानं दिलेले मोबाईल शासनालाच परत केले होते. का? पोषण अभियानात त्यांना दिलेले फोन दोन जीबी रॅमचे. वॉरंटी संपलेली. त्यात नवं पोषण ट्रॅकर ॲप आलं, ते धड चालेना, फोन तापायचे, हँग व्हायचे, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून. वर ॲप इंग्रजीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच. म्हणजे सरकारनं स्वतः विकत घेतलेला, स्वतःच्या कामासाठी दिलेला फोन दोन-तीन वर्षांत सरकारच्याच ॲपला पुरला नाही. मग काकूंचा २०१७ चा फोन पुरेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर?

शेतकऱ्याचं बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी. शेतात उभं राहून फोटो काढा, अपलोड करा. आमच्या सावंगीच्या पलीकडं, फुलंब्रीकडं चला माझ्यासोबत, बांधावर फोन उंच धरून रेंज शोधणारी माणसं दाखवतो. बरेच जण फोटो काढून घरी येतात आणि घरच्या नाहीतर शेजाऱ्याच्या वायफायवर पाठवायला बघतात. तिथं पुन्हा हेच, जुना फोन आणि नवा डबा. गेल्या वर्षीपासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन. पोरगी दहावीला ऐंशी टक्के आणते आणि अर्ज भरायला आईचा फोन असतो.

आता "नवा फोन घ्या ना, सात-आठ हजारात येतो" म्हणणाऱ्यांसाठी. साडेसात हजार म्हणजे लाडकी बहीणचे पाच हप्ते. दीड हजार मिळावेत म्हणून साडेसात हजार आधी खर्च करा, असं कुठल्याही योजनेच्या जीआरमध्ये लिहिलेलं मला दिसलं नाही. आणि घेतला तरी काय, स्वस्त फोनला दोन-तीन वर्षं अपडेट मिळतात, मग तोही याच रांगेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, तो टाळणार नाही. जुना फोन सुरक्षित नसतो. बरोबर. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं थांबलंय त्यावर बँक आणि यूपीआय ठेवू नये, हे मी स्वतः सगळ्यांना सांगतो. काकूंच्या फोनमधून यूपीआयचं ॲप मीच काढलं. डब्ल्यूपीए३ सुद्धा उगाच आलेलं नाही, चांगली गोष्ट आहे. पण पैसे हलवणं वेगळं आणि अर्ज भरणं वेगळं. अर्जाचं पान उघडायला, ओटीपी टाकायला, पावती बघायला बँकेसारखा फोन लागू नये. आज दोन्हीला एकच दार आहे.

आणि जुना म्हणजे किती जुना, हे ठरवतं कोण? काकूंच्या फोनवर अँड्रॉइड ६ आहे. त्यावर क्रोमची शेवटची आवृत्ती १०६, ती २०२२ मध्येच थांबली. प्रमाणपत्रांचंही तसंच. जगातल्या कितीतरी साइट लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेची मोफत प्रमाणपत्रं वापरतात. तिची जुनी साखळी ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. नवी साखळी अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांना ओळखीची नाही. त्यांच्यासाठी केलेली सोय २०२४ पर्यंत चालली, मग तीही संपली. त्यामुळं तारीख बरोबर करूनही काकूंच्या फोनवर एक बातम्यांची साइट उघडेना. फायरफॉक्स टाकला, तो आपली यादी स्वतःसोबत घेऊन येतो, त्यात उघडली. म्हणजे फोनमध्ये दम होता. हा सगळा निर्णय कुठंतरी लांब झाला. कुणी वाईट हेतूनं केला असंही नाही, पण हर्सूलच्या बाईला कुणी विचारलं नव्हतं एवढं खरं.

पैठण गेटला एक ओळखीचे कारागीर आहेत, तीस वर्षं हेच काम, रेडिओपासून. त्यांच्याकडं काकूंच्या फोनची बॅटरी बदलली. मी विचारलं, अजून किती चालेल? म्हणाले, "बॅटरी मैं डाल के देता भाई, स्क्रीन डाल के देता. अपडेट किधर से डालूं?"

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आपल्याकडं नेमकी इथंच अडते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर'साठी समिती नेमली, मग पोर्टल काढलं. फोन दुरुस्तीला किती सोपा आहे याचा निर्देशांक असावा म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक समिती, तिनं मे २०२५ मध्ये अहवाल दिला. चांगलं आहे. पण निर्देशांक म्हणजे दुकानातल्या नव्या फोनवरचा स्टिकर, ज्याच्या हातात आधीच फोन आहे त्याला त्याचा काय उपयोग? युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यायचे. त्याच कंपन्या, तेच फोन. तिकडं जमतं ते इकडं का नाही, एवढं तरी आपल्या खासदारांनी विचारावं. अजून एकाही सभेत ऐकलं नाही.

न्यायालयं सरकारच्या पुढं आहेत म्हणायची. केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, ॲसिड हल्ला झालेल्या आणि दृष्टी नसलेल्या लोकांच्या याचिकांवर, डिजिटल सेवा वापरता येणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतं असं सांगितलं, आणि ई-केवायसी सगळ्यांना करता येईल अशी करा म्हणून आदेश दिले. डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून केवायसी अडलेल्या माणसाचं ते प्रकरण आणि काकूंचं प्रकरण एकाच मापाचं नाही, मला कळतं. पण दोन्हीकडं माणूस खरा आहे, हक्काचा आहे, आणि मशीन त्याला ओळखत नाही.

आपल्या राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अमुक सेवा अमुक दिवसांत मिळालीच पाहिजे, नाही मिळाली तर अपील करा. छान कायदा. पण त्याचं घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतं. ज्या बाईच्या फोनवर पानच उघडलं नाही तिचा अर्जच नाही, म्हणून उशीरही नाही, म्हणून अपीलही नाही. कागदावर ती कधी आलीच नाही. पूर्वी निदान कार्यालयाच्या खिडकीवर कारकून "उद्या या" म्हणायचा, तेव्हा चार लोक साक्षीला असायचे.

मग काय करायचं? माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत.

नेटचा डबा लावायला येणाऱ्या पोरानं जाण्याआधी घरातला सगळ्यात जुना फोन मागून घ्यावा आणि जोडून दाखवावा. दहा मिनिटांचं काम. त्याच्या कंपनीनं त्या दहा मिनिटांचे पैसे त्याला द्यावेत, कारण त्याच्यावर दिवसाला इतकी घरं संपवायचा दबाव असतो, शिव्या त्याला देऊन काही होणार नाही.

शासनाचं प्रत्येक नवं पोर्टल जाहीर करण्याआधी दोन जीबी रॅमच्या, सात-आठ वर्षं जुन्या फोनवर, बारीक रेंजमध्ये चालवून बघावं. मंत्रालयात नको, एखाद्या अंगणवाडीत. आणि पान उघडलं नाही किंवा ओटीपी आला नाही, तर वॉर्ड कार्यालयात जाऊन "मी आले होते" याची तारखेसह पोच मिळावी. तीच अर्जाची तारीख धरावी.

आणि हे आपल्या महापालिकेसाठी. एप्रिल २०२० पासून इतकी वर्षं इथं प्रशासक होता, विचारायला नगरसेवकच नव्हता. आता जानेवारीत निवडणूक झाली, मतं मागायला आलेल्यांनी गल्लीत चहा पिलाय. त्यांना माझं सांगणं: हर्सूलला आठवड्यातून दोन दिवस एक टेबल लावा. एक राउटर २.४ वर, दोन-तीन चार्जर, आणि फोनमधलं कळणारा एक माणूस, पगारी. आयटीआय झालेली शेकडो पोरं मोकळी फिरतायत शहरात. रस्ता, पाणी आधी हवं हे मान्य, आमच्याकडं तर तलाव उशाशी असून पाण्याची बोंब. पण पाणीपट्टीसुद्धा ऑनलाइन भरा म्हणता ना?

काहीजण म्हणतील ही सेवा केंद्रांची कामं आहेत. आहेत. तिथं चांगली माणसंही आहेत, एका पोरीनं म्हाताऱ्यांकडून पैसे घेणं बंद केलेलं मी पाहिलंय. पण केंद्र अर्ज भरून देतं, तुमचा फोन दुरुस्त करून देत नाही. पुढच्या केवायसीला पुन्हा तेच दार, पुन्हा तीच रांग. आणि पुढची केवायसी येणारच.

टेबल लागेल तेव्हा लागेल. तोवर येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी ओट्यावर आहे. टी-पॉइंटकडून आलात तर तुरुंगाची भिंत संपल्यावर कुणालाही विचारा. फोनसोबत त्याचा चार्जर आणा, आणि घरच्या राउटरखालच्या स्टिकरचा फोटो काढून आणा, नाहीतर अर्धा वेळ त्यातच जातो. बँकेचा पिन मला सांगू नका, मी विचारणार नाही. काकूही असतील. 'नेटवर्क विसरा' आता त्या माझ्यापेक्षा लवकर करतात.